पत्रं लिहिण्याची नोकरी

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, फोन कंपनीत दिवसभर नुसती पत्रं लिहिते. ट्रायला उत्तर, दूरसंचार विभागाला निवेदन. इंजिनिअर झाले ती यासाठी?" तेवढ्यात तुला मीटिंगला बोलावलं आणि बोलणं अर्धंच राहिलं. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी ट्रंक एक्स्चेंजला, परगावचे फोन जोडून द्यायला, लागले तेव्हा तुझी नोकरी कुठे नव्हतीच. नियम करणारं, फोन देणारं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच, आणि कायदा 1885 चा. खात्याला वाद घालायचा तो कोणाशी? 1997 साली फोन कंपन्यांसाठी नियम करणारी ट्राय आली, 2000 साली बीएसएनएल खात्यातून वेगळं झालं. नियम करणारे आणि सेवा देणारे निराळे झाले, तेव्हा कुठे दोघांमध्ये बोलणाऱ्या माणसाची गरज पडली. ते माणूस आता तू आहेस.

नुसती पत्रं म्हणू नकोस गं. 1999 च्या दूरसंचार धोरणात कंपन्यांनी सरकारला द्यायचं ठरावीक परवाना शुल्क गेलं आणि त्याजागी उत्पन्नातला वाटा आला. पण उत्पन्न म्हणजे काय? ठेवींवरचं व्याज, जागेचं भाडं, लाभांश त्यात धरायचे का? या एका शब्दावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्थ मान्य केला आणि कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटींची थकबाकी आली. व्याख्या वाचताना घाई करू नकोस, एवढंच सांगते.

दुसरं जरा अवघड आहे. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने 2015 मध्ये केला होता. मे 2016 मध्ये न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. नियम करताना पारदर्शकता नव्हती, हेही म्हटलं. कायद्याने ते बरोबरच होतं. पण ज्याचा फोन तुटत होता त्याच्या पदरात काय पडलं? तू हरकत घेशील तेव्हा "हे नको" एवढ्यावर थांबू नकोस. मग काय हवं, तेही लिही. साहेब ते वाक्य खोडतील, तरी पुढच्या वेळी पुन्हा लिही.

हे मला का टोचतं, सांगते. पोस्टातल्या फोनवरून एक बाई मुंबईला मुलाशी बोलायची. तीन मिनिटं झाली की आम्ही विचारायचं, वाढवायचं का. एकदा ती रडत होती. वाढवायला पैसे नव्हते. मी लाइन सोडली. नियमच तसा होता. तो लिहिणाऱ्याने तिचा आवाज कधी ऐकला नसणार. मी ऐकला होता, पण मला लिहिता येत नव्हतं. तुला येतं.

अधिकाऱ्यांशी आदराने वाग, पण घरच्यासारखी होऊ नकोस. दिवाळीचा डबासुद्धा नको.

ट्राय सगळ्यांच्या हरकती संकेतस्थळावर टाकते ना? त्यावर कंपनीचं नाव असेल, तुझं नसेल. तरी कुठल्या विषयावरची ते कळव. चष्म्याचा नंबर बदलून आणलाय, सावकाश वाचीन.

मेतकूट पाठवलंय.

तुझी,
आई