लाइट बदलली की रोबोट चुकतो, दोष मात्र पोरांना

संपादक महोदय,

रोबोटिक्स स्पर्धेत लाल बॉल ओळखून त्याच्यामागे जाणारा रोबोट ऐन मॅचमध्ये भलतीकडेच पळाला की बघणारे सरळ म्हणतात, पोरांनी कोड नीट लिहिला नाही. मी अशा टीमना शिकवतो म्हणून सांगतो, बऱ्याचदा कोड कालचाच असतो, बदललेली असते ती हॉलमधली लाइट. आणि ती आयोजकांच्या हातात असते, पोरांच्या नाही.

सावलीतला लाल आणि उन्हातला लाल आपल्या डोळ्याला एकच वाटतो, कॅमेऱ्याला नाही, त्याच्याकडे नुसते आकडे. एकाच बॉलवर वरती दिव्याची चमक पडून तो जवळजवळ पांढरा, मध्ये लाल, खाली सावलीत चॉकलेटी, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबाने तीन वेगळ्या वस्तू. आरजीबी (लाल, हिरवा, निळा किती ते सांगणारे तीन आकडे) सोडून एचएसव्ही (रंग, रंगाची शुद्धता आणि उजेड असे तीन आकडे) वापरलं की बरंच सावरतं कारण रंग आणि उजेड वेगवेगळे मोजता येतात, पण लाल तिथेही छळतो, ओपनसीव्हीत (चित्रं ओळखायला वापरतात ती सॉफ्टवेअर लायब्ररी) ह्यूचे, म्हणजे रंगाचे, आकडे 0 ते 179 आणि लाल नेमका दोन्ही टोकांना, एकच रेंज लावली तर बॉलचा काही भाग गायबच. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स (लाइटच्या रंगानुसार कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) चालू राहिला तर संपलंच. बॉल जवळ आला, अख्खी फ्रेम लाल झाली की कॅमेऱ्याला वाटतं लाइटच लाल आहे, मग तो स्वतःहून लाल कमी करतो आणि पकडायच्या क्षणीच बॉल हरवतो. म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते कॅमेऱ्यानेच ठरवणं) दोन्ही बंद ठेवायचं, पण बंद केलं की सेटिंग त्या एकाच उजेडाला बांधलं जातं, आणि इकडे सकाळी खिडकीतून ऊन, दुपारी ट्यूबलाइट, फायनलला स्टेजचे रंगीत दिवे! शिवाय मैदानाशेजारी लाल टीशर्ट घालून उभा असलेला स्वयंसेवक, रोबोटला तो बॉलपेक्षा मोठा आणि छान लाल दिसतो.

मोठ्या स्पर्धांनी हे कधीच ओळखलंय. फर्स्ट या अमेरिकी संस्थेच्या हायस्कूल रोबोटिक्स स्पर्धेत 2006 ला टार्गेट म्हणून हिरवा दिवा होता, 2009 ला गुलाबी-हिरवं कापड, पुढे उजेड परत फेकणारी टेप आली आणि 2023 पासून काळे-पांढरे एप्रिलटॅग, म्हणजे क्यूआर कोडसारख्या चौकोनी खुणा. रोबोकप या रोबोटांच्या फुटबॉल स्पर्धेतल्या स्टँडर्ड प्लॅटफॉर्म लीगने 2016 मध्ये नारिंगी बॉल काढून काळा-पांढरा आणला.

रंग काढूनच टाका असं माझं म्हणणं नाही, नवख्या पोरांना सुरुवात करायला रंगच सोपा पडतो आणि थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यांना लाल म्हणायचं त्या मर्यादा) जुळवताना उजेड म्हणजे काय हे ती जेवढं शिकतात तेवढं कुठल्या धड्यातून शिकणार नाहीत. पण मग रंगाचा खेळ ठेवणाऱ्यांनी निदान खिडक्यांना पडदे लावावेत, टार्गेटचा रंग बॅनरवर आणि स्वयंसेवकांच्या कपड्यांत वापरू नये आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक टीमला त्याच मैदानावर, मॅचच्याच लाइटखाली कॅलिब्रेशनला, म्हणजे त्या उजेडाला आकडे जुळवायला, वेळ द्यावा. फायनलला दिवे बदलायचेच असतील तर बदलल्यावर पुन्हा तेवढाच वेळ द्या, आणि हे सगळं नियमावलीत आधीच लिहून ठेवा म्हणजे ऐनवेळी पोरांना कोणाच्या मागे लागावं लागणार नाही.

आपला,
रोबोटिक्स टीमचा एक मार्गदर्शक