अर्ध्या हसण्याचा मेमो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हसण्याच्या विज्ञानावरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण हा राग आहे की ॲसिडिटी ते तपासायचं होतं. राग निघाला.

लेखक महाशय सांगतात की खरं हसू डोळ्यांत उतरतं, खोटं ओठांवरच थांबतं, आणि म्हणून समोरच्याचे डोळे बघून माणूस पारखावा. छान. आता माझा डोळा पारखा.

मी एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर होते. नोकरीत असतानाच माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं. डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेने बाहेर येते. ती तिथे सुजली की तिथेच आवळली जाते आणि अर्धा चेहरा संपावर जातो. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या तर सुधारण्याची शक्यता वाढते. माझे ते तीन दिवस सासूबाईंच्या माहितीतल्या मालिशवाल्याने तेल चोळण्यात घालवले. पुढे कितीतरी दिवस चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा, आणि पापणी मिटत नसल्यामुळे रात्री डोळ्यावर चिकटपट्टी लावून झोपावं लागायचं. बहुतेकांचा चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो. माझा पाऊण झाला. नस पुन्हा वाढताना तिचे फाटे चुकले आणि ओठाकडे जायचा निरोप डोळ्याकडेही जाऊ लागला. त्यामुळे मी हसले की उजवा ओठ वर जातो, डावा जेमतेम हलतो आणि डावा डोळा आपोआप मिटतो. बघणाऱ्याला वाटतं, बाई तिरकं हसली आणि वर डोळा मारला!

अशात आमच्या शाखेत 'हसतमुख सेवा पंधरवडा' आला. प्रत्येक काउंटरवर तो पिवळा हसरा गोल चिकटवला गेला. (तो गोल १९६३ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टर गावी हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराने काढला, तोही एका विमा कंपनीच्या नाराज कर्मचाऱ्यांचा हुरूप वाढावा म्हणून. त्याचे त्याला ४५ डॉलर मिळाले. कारकुनांना हसवण्याची हौस जुनी आहे.) मी नियमाप्रमाणे हसले. चौथ्या की पाचव्या दिवशी तक्रारवहीत एका गृहस्थांनी लिहिलं, 'कॅशियर बाई माझ्या पासबुकातील शिल्लक पाहून कुत्सितपणे हसल्या.' मला मेमो. मी डॉक्टरांचा दाखला जोडून उत्तर दिलं. साहेबांनी तो वाचला, बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मग बाई, तुम्ही हसूच नका ना!" बरं. नाही हसले. पंधरवडा संपायच्या आत दुसरी तक्रार आली, 'बाई कधीच हसत नाहीत.' त्यानंतर माझी रवानगी क्लिअरिंगच्या टेबलावर झाली, जिथे हसायला समोर फक्त चेक असतात. पंधरवड्याचं बक्षीस कुणाला मिळालं ते सांगत नाही; तुम्हाला वाटेल मी अजून मनात धरून आहे.

त्या गृहस्थांना मी फारसा दोष देत नाही. एकाच बाजूचा ओठ वर गेला की लोक त्याला तुच्छता समजतात, हे चेहऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही नोंदवलेलं आहे. तुमच्या लेखकांनी मात्र ते नोंदवलं नाही.

आता ज्यांच्या नावाने ही डोळ्यांची परीक्षा चालते, ते फ्रेंच डॉक्टर द्युशेन. त्यांनी १८६२ मध्ये पुस्तक काढलं, त्यात विजेचे धक्के देऊन चेहऱ्याचे स्नायू आकसवल्याचे फोटो आहेत. त्यातल्या पुष्कळ फोटोंत दात पडलेले एक म्हातारबाबा दिसतात, ज्यांच्या चेहऱ्याला जवळजवळ संवेदनाच नव्हती. म्हणजे खऱ्या हास्याचा शोध लावला तो कुणाच्या चेहऱ्यावर, तर विजेने हसवलेल्या माणसाच्या! द्युशेन म्हणत की डोळ्याभोवतीचा स्नायू हुकुमाने हलत नाही. पुढच्या अभ्यासांत दिसलं की पुष्कळांना तो हवा तेव्हा हलवता येतो. माझा तर मी साहेबांना खोटं खोटं हसून नमस्कार केला तरी हलतो. लेखकांच्या कसोटीवर माझी डावी बाजू अत्यंत प्रामाणिक आणि उजवी बेभरवशाची.

'दातांत पेन धरा, मन प्रसन्न होईल' हेही छापलंय, म्हणजे पेनने तोंड हसल्यासारखं ताणलं की मनही हसणार. हा प्रयोग १९८८ चा, जर्मनीतल्या फ्रिट्झ श्ट्राक आणि मंडळींचा. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला. एकत्रित निकालात परिणाम सापडला नाही. २०१९ मध्ये खुद्द श्ट्राक यांना त्याबद्दल गमतीचं इग नोबेल मिळालं, आधी शोध लावल्याबद्दल आणि मग तो खरा नसल्याचं शोधल्याबद्दल. २०२२ मध्ये १९ देशांतल्या मोठ्या अभ्यासात एवढं दिसलं की मुद्दाम हसलं तर मनाला थोडं बरं वाटतं. ते मी मान्य करते. पण पेनच्या बाबतीत तिथेही ठोस काही निघालं नाही. आमच्याकडे ह्यांनी रविवारी सकाळी तासभर पेन चावला. प्रसन्नता नाही, शाईचा डाग आहे.

'हसायला १७ स्नायू, आठ्या घालायला ४३' हे कुठून आलं तेही कळवावं. दर वेळी हे आकडे बदललेले असतात. माझ्या अर्ध्या हसण्याला साडेआठ धरायचे का?

लेखाशेजारीच दातांच्या दवाखान्याची पाव पान जाहिरात होती, 'स्माईल डिझायनिंग, हप्त्यांची सोय'. तो योगायोग असावा, असं मी सभ्यतेने म्हणते. 'जो हसत नाही त्याचं मन कोरडं' हे वाक्य मात्र योगायोगाने छापलं गेलं नसणार. पार्किन्सनमध्ये चेहरा थिजतो, काही मुलांचे चेहऱ्याचे स्नायू जन्मतःच हलत नाहीत. त्यांच्या घरीही तुमचा पेपर येत असेल. मला तर पासपोर्टच्या फोटोवेळीच तेवढं बरं वाटलं. तिथे फोटोग्राफर दरडावतो, 'हसायचं नाही.'

जाता जाता: त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा शब्द क्र. १४ ला चौकटी चार आणि उत्तर पाच अक्षरी. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं, तेव्हाही पत्र लिहिलं होतं, छापलं नाहीत. हे पत्र कापायचं झालं तर द्युशेनचा परिच्छेद कापा, मेमोचा नको.

आपली,
एक निवृत्त कॅशियर, मिरज