नाव विचारायचं राहून गेलं

कॅन्सरमुळे स्तन काढून त्याच वेळी पुनर्रचना झाली, त्याला आज महिना झाला. भूल देणाऱ्या मॅडम, तुम्ही सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मणक्याशेजारी नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन दिलंत. "छातीच्या नसा उद्यापर्यंत झोपतील," म्हणालात. झोपल्या की! मॉर्फिन जेमतेम लागलं, उलटी एकही नाही, संध्याकाळी चहात बिस्किट बुडवून खाल्लं.

असर उतरल्यावर मात्र कळा आल्या. रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही घड्याळ लावून गोळ्या दिल्यात, जखमेतलं पाणी नळीतून जमा होणाऱ्या ड्रेनच्या बाटल्या गाऊनला पिनेने अडकवल्यात. हात वर जाईना, तेव्हा वेणी मावशींनी घातली.

आणि सिंहगड रोडवरून घरी सोडणारे रिक्षावाले काका! प्रत्येक खड्ड्याआधी "ताई, धरा". वर मीटरपेक्षा रुपया जास्त नाही. पुण्यात!

सगळ्यांचे मनापासून आभार.