लिस्बनचे छप्पर नसलेले चर्च आणि रेवदंड्याचे अवशेष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात सौ.सह स्पेन-पोर्तुगालच्या सहलीचा योग आला. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत लिस्बनच्या वाट्याला एकच दिवस होता आणि तोही ‘मोकळा दिवस’ या गोंडस नावाने, म्हणजे बस नाही, मार्गदर्शक नाही आणि जेवणही ज्याचे त्याने पाहायचे. बरोबरच्या बहुतेकांनी तो खरेदीला दिला. आम्ही दोघे मात्र ट्राम, बस आणि मेट्रो या तिन्हींना चालणारे २४ तासांचे तिकीट घेऊन सकाळी आठलाच बाहेर पडलो. त्या धावपळीत पाहिलेल्या एका वास्तूविषयी आणि तिच्यामुळे मनात आलेल्या आपल्या रेवदंड्याविषयी लिहायचे आहे.

चौल-रेवदंड्याच्या माणसाला लिस्बन परके वाटत नाही. पाव, चावी, बटाटा, काजू, पगार हे आपले रोजचे शब्द तिथल्या भाषेतून आले आहेत, आणि उपाहारगृहाच्या पाटीवर त्यातले दोन-तीन ओळखू येताच सौ.ची भीड चेपली. शिवाय खाडीपलीकडच्या कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते, त्यामुळे ट्राममधले बोलणे कळत नसले तरी त्याचा हेल ऐकल्यासारखा वाटत होता.

१५ क्रमांकाच्या ट्रामने आम्ही आधी बेलेमला गेलो. तिथला जेरोनिमोस मठ सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मॅन्युएलने बांधायला घेतला आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या सुमारे ५ टक्के करातून आला. दगडात कोरलेले जहाजांचे दोरखंड आणि पोवळी पाहताना या नक्षीत आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मिऱ्यांचाही हिस्सा आहे, हे विसरता येत नव्हते. आत शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये तो कोचीनला वारला, तिथेच पुरला गेला आणि पुढे त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले. जवळच नदीकाठी १९६० साली उभारलेले दर्यावर्दींचे ५२ मीटर उंच स्मारक आहे. ज्यांच्या किनाऱ्यावर ही जहाजे लागली त्यांना काय भोगावे लागले, याचा त्या शिल्पात मागमूस नाही. ते भव्य आहे, पण मला आवडले नाही. त्याच्यासमोर फरसबंदीत जगाचा भलामोठा नकाशा जडवला आहे. सौ. वाकून त्यात कोकणपट्टी शोधत होती, इतक्यात शाळेच्या सहलीतली पोरे नकाशावरून धावत गेली आणि शोध अर्धवट राहिला. बेलेमचा प्रसिद्ध गोड पदार्थ १८३७ पासून एकाच दुकानात मिळतो. त्यात अंड्याचा पिवळा बलक असतो आणि वार नेमका मंगळवार, तेव्हा सौ.ने आपल्या वाट्याचे दोन बांधून घेतले आणि बुधवारी विमानात खाल्ले.

ज्यासाठी हे पत्र, ते कार्मोचे चर्च आम्ही दुपारी पाहिले. ते उंचावर आहे. वर नेणारी १९०२ सालची लोखंडी लिफ्ट आहे, पण तिच्यापुढची रांग पाहून आम्ही बायशा-शियादो मेट्रो स्थानकातल्या सरकत्या जिन्यांनी टेकडी चढलो, हे गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना लिस्बनला भीषण भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र चढून आला आणि कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या कार्मोच्या मठाचे छप्पर त्यात कोसळले. पुढे बांधकाम सुरू झाले, पण १८३४ मध्ये धार्मिक संघच बरखास्त झाल्याने ते थांबले, आणि नंतर विचारपूर्वक ते तसेच ठेवण्यात आले. आज तिथे दोन्ही बाजूंच्या खांबांवरून निघालेल्या दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर उघडे आकाश आहे. खाली गवत नीट कापलेले, बाजूच्या दालनांत लहानसे संग्रहालय, आणि काय, केव्हा, कशाने पडले हे सांगणारे फलक. पडलेले पुन्हा उभारलेले नाही आणि उभे आहे ते पडू दिलेले नाही. एवढ्या घाईच्या दिवसात आम्ही तिथे दीड तास बसलो.

तिथे बसल्यावर रेवदंडा आठवला नसता तरच नवल. अलिबागहून मुरुडला जाणारा रस्ता रेवदंडा किल्ल्याच्या तटातूनच जातो, तरी गाडीतल्या पर्यटकाला आपण किल्ल्यातून गेलो हे कळतही नाही. आत नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांच्या चर्चच्या भिंती आणि मजले ढासळत आलेला सातखणी बुरूज उभा आहे. १५०८ मध्ये चौलजवळच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौल मराठ्यांच्या हाती आले. म्हणजे या भिंतींत जिंकणे आणि हरणे दोन्ही बाजूंचे आहे, जे बेलेमच्या स्मारकात मला मिळाले नाही. तरीही गेल्या वर्षी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा कमरेएवढे रान तुडवावे लागले, आणि एका भिंतीशी उभे राहून ‘हे काय होते?’ असे त्यांच्या मुलीने विचारले तेव्हा दाखवायला मराठीतला एक फलक नव्हता. उत्तर मीच दिले, तेही अर्धे अंदाजाने.

परदेशातून आलेला माणूस इथल्या अस्वच्छतेवर पत्र लिहितो, तसे हे पत्र नाही. लिस्बनची २८ क्रमांकाची ट्राम पर्यटकांनी इतकी खच्चून भरलेली असते की भाजीची पिशवी घेतलेल्या तिथल्याच आजीबाईंना चढता आले नाही, आणि आत खिसेकापूंपासून सावध राहण्याची सूचना होती. तसली गर्दी रेवदंड्याला नको. कोट्यवधींचे सुशोभीकरण, नवे प्रवेशद्वार, रंगीत दिवे हेही नको, कारण जुन्या दगडावर सिमेंटचा हात फिरला की मूळ काय होते ते कायमचे जाते. चर्चच्या भिंतींवर रुजलेले वड-पिंपळ जाणकारांच्या देखरेखीखाली काढावेत, वाडीमालकांना विश्वासात घेऊन एक पायवाट ठरवावी आणि चार ठिकाणी मराठीत नीट मजकूर लिहिलेले फलक लावावेत, एवढेच मागणे आहे.

पावसाळ्यानंतर वाढलेले रान काढायला गावातले आम्ही काही निवृत्त लोक दर वर्षी कोयते घेऊन यायला तयार आहोत. मात्र दोन कार्यालयांत चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. परवानगीचा अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा, एवढे संबंधितांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवले तरी आम्ही तो त्याच आठवड्यात देऊ.

आपला,
एक वाचक, रेवदंडा (ता. अलिबाग)