असईचा शिपाई

एडिनबरा

प्रिय सुमन,

सापडला गं, इयनच्या घराण्यातला तो शिपाई!

जन्मनोंद मिळणारच नव्हती. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या ऊइग पॅरिशची, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीची, वहीच मुळी १८२०च्या दशकात सुरू झाली, आणि हा जन्मला १७७७च्या सुमारास. चर्चकडे जे नव्हतं ते लष्कराने जपलं होतं. पेन्शनीसाठी चेल्सीच्या लष्करी पेन्शन कचेरीला गेलेले शिपायांचे सेवामुक्तीचे कागद लंडनला क्यूच्या अभिलेखागारात आहेत. त्यात सगळं आहे: जन्म ऊइग, काम मजुरी, भरती सतराव्या वर्षी, उंची पाच फूट पाच इंच, डोळे करडे, केस तांबूस. सहीच्या जागी नुसती फुली, एक रेघ आखूड, दुसरीची शाई पसरलेली. इयन कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत होता.

पलटण ७८वी हायलँडर्स. १७९३ साली सीफोर्थच्या मॅकेन्झीने उभी केली. लुईस बेट त्याच्याच मालकीचं. कुळांनी जमीन टिकवायची तर घरचा मुलगा पलटणीत द्यायचा! मला ह्याचा फार राग येतो.

आता खास तुझ्यासाठी. १८०३च्या हजेरीपटांत तो हजर आहे, म्हणजे २३ सप्टेंबरला तुमच्या असईच्या रणात होता, इंग्रजांकडून, शिंद्यांविरुद्ध. ७८वी डाव्या बगलेला, केळणा नदीच्या बाजूने शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली. गोलंदाज हटले नाहीत, तोफांपाशीच पडले. तुझे आजोबा ज्या पूर्वजाबद्दल सांगायचे, तो त्यांच्यातलाच ना? हे कळल्यापासून मला नीट झोप नाही.

१८१७ला पलटण परतली. पुढे ऊइगच्या वहीत त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत, बापाच्या नावापुढे 'पेन्शनर'. १८४३ला स्कॉटलंडचं चर्च फुटलं, जवळजवळ सगळं लुईस वेगळ्या झालेल्या फ्री चर्चकडे गेलं, आणि तिथून जुन्या वहीचा भरवसा संपला. पण तो जगला १८५६पर्यंत! १८५५पासून स्कॉटलंडात सरकारी नोंदणी सुरू झाली होती आणि मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं लिहीत, आईचं माहेरच्या आडनावासकट. दोन वर्षं आधी गेला असता, तर सतरा वर्षांचं पोर पलटणीत धाडणारी ती बाई आम्हाला कधीच कळली नसती.

आता तुझं काम. त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या उपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतीलच. दिवाळीआधी जाऊन ये. तुमच्या गोलंदाजाचं नाव, गाव, आणि आईचं नाव कुठे लिहिलेलं असलं तर तेही उतरवून पाठव. पानाचा फोटो काढू दिला तर उत्तमच.

तुझी,
अनघा