वाळक्या फांदीचेही आभार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत, वसंत आला की कशाकशाचे आभार मानावेत याची यादी आली आहे. ती मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चहा घेताना, दुसऱ्यांदा संतापाने. गरम कपडे कपाटात जाणं, कोवळं ऊन अंगावर घेणं, ट्युलिपचा ताटवा फुलणं. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण ही यादी कुठल्या गावची? फाल्गुन सरत आलाय, पुण्यात दुपारी गॅलरीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा, म्हणजे भर उन्हाचा. आपल्याकडे आभार मानायचे ते या उन्हावरच्या उताऱ्यांचे. वाळा टाकलेल्या माठातल्या पाण्याचे. कैरी उकडून केलेल्या पन्ह्याचे. पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीचे, जी लहानपणी मी नाक दाबून गिळली आणि आता नातवाच्या तोंडात बळेच घालते. नाक्यावरच्या पिंपळाचे, ज्याची तांबूस पालवी एवढ्या धुरळ्यातही लखलखते.

आणि तांबट पक्ष्याचे. खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

माझं माहेर कसबा पेठेतलं, तांबट आळीजवळचं. तांब्याच्या हंड्यावर हातोडीने ठोके देत मठारकाम चालायचं, त्या आवाजात आम्ही अभ्यास केला. लग्न होऊन कोथरूडला आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी खिडकीबाहेर तसेच ठोके ऐकू आले. टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, न थकता. इथे कोण भांडी ठोकतंय, असं मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी बोट करून दाखवला. मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळा रंग. त्या दिवसापासून या घरात मला परकं वाटलं नाही. चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक शेवगा आहे. त्याच्या फुलांची भाजी आणि शेंगांची आमटी सगळ्या इमारतीने खाल्ली आहे. गेल्या वर्षी माघात त्याच्या एका वाळक्या फांदीखाली भुसा पडलेला दिसला. वर पाहिलं तर फांदीच्या खालच्या बाजूला तांबट उलटा लटकून चोचीने लाकूड टोकरत होता. जोडीतले दोघेही आळीपाळीने काम करायचे. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, अठराव्या दिवशी भोक पूर्ण झालं. कंपासने आखल्यासारखं गोल, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. पुढे दोघं चोचीत उंबर धरून आत-बाहेर करू लागले आणि जवळ गेलं की आतून बारीक चिरचिर ऐकू यायची.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात छाटणीवाले आले. मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा ती फांदी खाली पडली होती, भोक जमिनीकडे करून. मी पिशव्या तिथेच टाकल्या, फांदी वळवली, मोबाईलच्या बॅटरीचा उजेड आत मारला. दोन पिल्लं होती, अंगावर धड पीसही नव्हतं. एकाचं पोट हलत होतं. वॉचमनला हाताशी घेऊन तो तुकडा जुन्या साडीच्या पट्टीने खोडाला बांधला, भोक खाली राहील असा. तांबट विजेच्या तारेवर बसून संध्याकाळपर्यंत ठोके देत होता, पण आत काही शिरला नाही. सकाळी दोन्ही पिल्लं गार झाली होती.

कमिटीच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं, “अहो काकू, वाळकीच तर होती!”

हेच तर मला सांगायचं आहे. तांबटाची चोच सुतार पक्ष्याइतकी दणकट नसते. हिरवं, कडक लाकूड त्याला पोखरता येत नाही. त्याला वाळलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदीच लागते, आणि नेमकी तीच आपण निरुपयोगी म्हणून सर्वांत आधी कापतो. तीसुद्धा अंडी-पिल्लांच्या दिवसांत. पुढे त्याच ढोलीत दयाळासारखे दुसरे पक्षी राहायला येतात. रस्त्यावर, गाड्यांवर, माणसांवर पडेल अशी फांदी जरूर काढा, जिवापुढे काही नाही. पण मागच्या भिंतीवरची, जिच्याखाली कुणी उभंही राहत नाही, ती फांदी कुणाचं काय वाईट करत होती? करवत लावण्याआधी खालून एकदा वर बघायला किती वेळ लागतो? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही शिकारीत धरलं आहे. झाड तोडायला परवानगी लागते हा 1975 चा कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो, घरट्यांचं मात्र कुणाच्या गावीही नसतं. आपल्या पुरवणीने एक पान याला दिलं असतं तर वाचकांनी निदान चार फांद्या वाचवल्या असत्या.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. पान दोनवरचा तिथी-नक्षत्राचा चौकोन तुम्ही गेल्या महिन्यापासून का बंद केलात? चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवायची आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सवडीने एका दिवशी हळदीकुंकू, आंब्याची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, हे आम्ही अनेकजणी त्या चौकोनावरून ठरवतो. मोबाईलवर सगळं मिळतं, असं तुमच्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं. मिळत असेल, पण मी पैसे वर्तमानपत्राचे भरते. जाहिरातींना जागा होते आणि दोन ओळींच्या तिथीला होत नाही, याचं वाईट वाटतं.

शेवग्याला यंदा दुसरी एक फांदी वाळली आहे, जिन्याच्या बाजूची. परवा सकाळी तिच्याखाली भुसा दिसला. मी वॉचमनला सांगून ठेवलं आहे, खोडाला पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना बांधली आहे आणि पाडव्यापर्यंत मंडईत फक्त संध्याकाळीच जायचं ठरवलं आहे. छाटणीवाले सकाळी येतात.

आपली,
एक जुनी वाचक,
कोथरूड, पुणे