वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देताना

तीर्थस्वरूप आबांस साष्टांग नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या पारायण सप्ताहाला आता वर्ष होत आले, पण तिसऱ्या रात्रीबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून दोन-दोन तासांचे 84 पहारे मी वहीत आखले होते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर बेळगावच्या दवाखान्यात असलेल्या आईच्या औषधांच्या वेळा होत्या, आणि धाकट्या भावाला मी तासातासाला फोन करीत होतो.

रात्री बारा ते दोनचा पहारा माझा होता. वीणा गळ्यात घेण्याआधी तुम्ही हात पुढे केलात आणि म्हणालात, "फोन हिकडं आण." पहिला अर्धा तास मुखी नाम होते आणि डोक्यात सलाईनचा हिशेब; पुढे पाय भरून आले, तसे लक्ष हळूहळू तारेवर टिकू लागले. दोन वाजता पुढचा वीणेकरी आला, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, आणि वीणा त्याच्या गळ्यात गेली.

फोनवर भावाचे पाच मिस्ड कॉल होते. आईचा ताप चढला होता. त्याने मला न विचारताच डॉक्टरांना बोलावून औषध बदलून घेतले होते, आणि ती शांत झोपली होती. माझा चेहरा पाहून तुम्ही विचारलेत, "आई बरी हाय म्हणून राग आला काय तुला?" खरोखरच राग आला होता, आबा.

गीतेच्या अठराव्या अध्यायातले 'मामेकं शरणं व्रज' मला पाठ होते, शेजारच्या लिंगायत काकांचे 'शरणु शरणार्थी' लहानपणापासून कानावर होते. तरी शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, अशीच माझी समजूत होती. वैष्णव आचार्यांनी शरणागतीची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत 'तो राखील' हा विश्वास मला सर्वांत जड गेला, कारण देव दूरच, पाठच्या भावावरही मी तो कधी टाकला नव्हता.

आई आता घरी आहे. औषधांची वही भावाकडे असते. तो वेळा कॅलेंडरवर वाकड्यातिकड्या लिहितो, आणि मी रात्री एकदा विचारतोच, तेवढे अजून सुटलेले नाही. यंदा पहाऱ्यांची यादी मात्र दुसऱ्या कुणाला करू द्यावी, ही विनंती. मला मिळेल तो पहारा चालेल. फोन आधीच तुमच्याकडे देईन.

आपला नम्र,
मागच्या वर्षीचा वहीवाला